हळदबेडकी

"त्रिशला, दार लावून घे आणि इकडं ये. हळू ये."

हे मागच्या दारानं आत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, चष्म्यावर पाणी, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली लोणच्याची रिकामी बरणी. माझी भाकरी तव्यावर होती. ती तशीच टाकून मी गेले.

बरणीत ओलं शेवाळ घातलेलं होतं आणि त्यावर अंगठ्याच्या पेराएवढी एक बेडकी बसली होती. पाठ मातकट, कुणी ढुंकून बघणार नाही अशी. ह्यांनी बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि मला खालून बघायला लावलं. बेडकीचं पोट हळदीच्या रंगाचं होतं. फिकट नव्हे, ताज्या दळलेल्या हळदीसारखं. कातडी इतकी पातळ की आतली अंडी दिसत होती, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, एकाला एक चिकटून.

"तीच?" मी विचारलं.

ह्यांनी मान डोलावली. मी बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी ठेवली.

ही बेडकी जगात उरली नाही असं पुस्तकात लिहिलेलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं आमच्या भागातल्या सड्यावर ती धरून विलायतेला पाठवली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या-तांबड्या कातळाचं पठार. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. म्हणजे कुणालाच म्हणायचं नाही. बारा वर्षांपूर्वी ह्यांना दिसली होती.

तेव्हा आमचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. हे, भूपाल मगदूम, घाटाजवळच्या आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नुकतेच लागलेले. सड्यावर त्यांना हळदबेडकी मिळाली. हे नावही ह्यांनीच ठेवलेलं. आनंदाच्या भरात पुण्याच्या डॉक्टर केळुसकरांना तार केली. बेडकांच्या बाबतीत केळुसकरांचा शब्द म्हणजे शेवटचा. ते मुद्दाम आले, आणि त्यांना रिकामी बरणी बघायला मिळाली. "झाकण सैल राहिलं, पळून गेली," एवढंच हे म्हणाले. केळुसकर तेव्हा काही बोलले नाहीत. नंतर कुठल्या तरी अंकात त्यांनी लिहिलं की काही प्राध्यापकांना प्राणी स्वप्नात सापडतात आणि जाग आल्यावर पळून जातात.

ह्यांची पीएच.डी. तिथंच थांबली. पोरांनी नाव ठेवलं, झाकण सर. फळ्यावर बरणीचं चित्र काढायची. पुढं आमच्या राजुललाही शाळेत कुणी तरी 'झाकणाची पोर' म्हणालं, तेव्हा ती रडत घरी आली होती. आणि मी? मीही काही कमी केलं नाही. डब्याचं झाकण लावताना ह्यांच्यासमोर मुद्दाम जोर लावून फिरवायची आणि म्हणायची, "असं लावतात झाकण." हे हसायचे. कधी उलटून बोलले नाहीत.

"केळुसकर इथंच आहेत," मी म्हटलं. "सरकारी बंगल्यात. त्यांना आत्ताच्या आत्ता बोलवा."

"येताना बंगल्यावर निरोप ठेवलाय. दुपारी येतील."

त्यांचं गावात असणं काही योगायोग नव्हता. सड्याच्या पोटात बॉक्साइट होतं. एका कंपनीनं खाणीसाठी सडा मागितला होता, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला त्याची सुनावणी होती. सड्यावर जपण्यासारखं काही आहे का, हे सांगायला सरकारनं केळुसकरांना नेमलं होतं. आठवडाभर ते सड्यावर फिरले आणि त्यांना काही मिळालं नाही. तसा अहवालही टाइप करून तयार होता. फक्त सही व्हायची होती.

आम्ही जैन. त्यात भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चाललेलं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, दिवसातून एकदाच जेवत होत्या आणि बाकीचा वेळ माळ घेऊन बसत होत्या. त्या पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आल्या आणि फडताळाकडं बघत उभ्या राहिल्या.

"हे काय गं?"

"बेडकी आहे, आत्ती. सरांना दाखवायची आहे. तेवढं झालं की..."

तेवढं झालं की काय, ते माझ्या तोंडातून निघेना. आत्तींनी बरणीत वाकून बघितलं.

"गाभण हाय," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या.

राजुल शाळेला निघाली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, वर्गात बोलली असती. पावसाचं चिन्ह होतं म्हणून मी तिच्या हातात नवी जांभळी छत्री दिली. कोल्हापूरहून आणलेली, चांगली महागाची. "ही हरवलीस तर बघ," असं दोनदा बजावलं. शाळा नदीपलीकडं होती. मधे फरशी, म्हणजे पाण्यावर हातभर उंचीचा तो बुटका पूल. घाटात जोराचा पाऊस झाला की फरशीवरून पाणी जायचं.

*

केळुसकर दुपारी आले. उंच, वयस्कर, पांढऱ्या मिशा. बारा वर्षांपूर्वी आले होते तेव्हा मी घरात नव्हते, त्यामुळे मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मी मनात त्यांना पुष्कळ बोलून ठेवलं होतं. पण ते आत आले, चपला काढल्या, बरणी घेतली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले ते बराच वेळ पाठमोरेच राहिले. खिशातून भिंग काढलं. बरणी फिरवली. भिंग पुसलं, पुन्हा बघितलं.

"मगदूम," ते वळून म्हणाले. "मी तुमचं फार नुकसान केलंय."

ह्यांनी हात जोडले. "जाऊ द्या सर. सडा वाचेल का?"

"वाचायला हवा. पण असं नाही." त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "जिवंत बेडकी कलेक्टरसमोर ठेवली तर कंपनीचा वकील म्हणेल, कर्नाटकातून आणली, केरळातून आणली, पोट रंगवलं. उद्या ती मेली, सुकली, किंवा..." ते थांबले. पळाली हा शब्द त्यांनी गिळला. "मला तिची बोटं, त्यांच्यामधले पडदे, तोंडातले दात, सगळं मोजायला पाहिजे, जुन्या वर्णनाशी ताडून बघायला पाहिजे. बाटलीतला नमुना हवा. मग मी सही करतो, आणि माझी सही खोडायला आणखी शंभर वर्षं कुणी येत नाही."

"आणि ही एकटीच उरलेली असेल तर?" ह्यांनी विचारलं.

"पोटात पिकलेली अंडी आहेत. म्हणजे कुठं तरी नर आहे, जागा आहे, पाणी आहे. एकटी नाही ती. पण सडाच गेला तर सगळ्याच गेल्या." त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "हे क्लोरोफॉर्म, हे फॉर्मलिन. कापसाचा बोळा टाकायचा, झाकण लावायचं, ती शांत झाली की फॉर्मलिनमध्ये. मी केलं असतं. पण ही तुमची आहे. तुमच्या हातून झालेली बरी. संध्याकाळी जीप घेऊन येतो, तसंच कोल्हापूरला निघू. रात्रीत मोजमाप करतो."

जाताना ते माझ्याकडं वळले. "बाई, तुमच्याशीही मी चुकलो."

"चहा घेऊन जायचा होता," एवढंच मी म्हणाले.

*

पावसानं झोडपायला सुरुवात केली. कौलांवर इतका आवाज की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागत होतं. मी भांडी घासली, धान्य निवडलं, पुन्हा पुन्हा मागच्या पडवीत डोकावले. हे तिथं धुण्याच्या दगडाजवळ स्टुलावर बसले होते. समोर बरणी, दोन बाटल्या, कापूस. प्रत्येक वेळी सगळं जागच्या जागी.

शेवटी मी जाऊन समोर उभी राहिले.

"संध्याकाळ व्हायला लागली. करताय ना?"

"हो."

"मग?"

हे बेडकीकडं बघत होते. ती शेवाळात अर्धी शिरून बसली होती. गळा तेवढा हलत होता, भराभरा.

"मला नाही जमायचं, त्रिशला."

माझा तोल गेला. "का नाही जमायचं? कॉलेजात पोरं बेडूक फाडतात ते तुमच्यासमोरच ना?"

"ते मेलेले येतात."

"म्हणजे दुसऱ्यानं मारलेले चालतात! बारा वर्षं लोकांची टिंगल खाल्ली आपण. पोरीनं खाल्ली. आता तो माणूस घरात येऊन माफी मागून गेला, आणि तुम्ही कापूस हातात घेऊन बसलाय. ही एक मेली तर सगळा सडा जगेल. पाप-पुण्याचा हिशेब मांडायचा तर तोही मांडा की!"

"मांडलाय," हे म्हणाले. "तेव्हाही मांडला होता."

"तेव्हा काय मांडणार होता? तेव्हा झाकण..."

"झाकण घट्ट होतं."

पावसात मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी वाकले. "काय?"

"झाकण घट्ट होतं, त्रिशला. मी उघडलं."

मी दगडावर टेकले. दगड ओला होता. लुगडं भिजत होतं, तरी उठले नाही.

"तू मिरजेला दवाखान्यात होतीस," हे म्हणाले.

ते मला सांगायला नको होतं. आधीची माझी दोन गेली होती. तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात रक्त जायला लागलं. भावानं मला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, बाई वाचेल, मुलाचं सांगता येत नाही. हे आले, बघून गेले, कपडे आणि पैसे घेऊन सकाळी येतो म्हणून गावी परतले, आणि दुसऱ्या दिवशी पार संध्याकाळी उगवले. भावानं वऱ्हांड्यात ह्यांना जे काय म्हणायचं ते सगळं म्हटलं. मी आतून ऐकलं होतं. मलाही तेच म्हणायचं होतं. झाकणावरून मी निदान बोलून मोकळी व्हायची. ही संध्याकाळ मात्र मी कधीच बोलून दाखवली नव्हती. ती तशीच आत होती.

"घरी आलो तर बरणी टेबलावर," हे सांगायला लागले. "शेजारी स्पिरिट. केळुसकर दोन दिवसांत येणार होते. म्हटलं, आधी हे उरकतो आणि निघतो. बरणी उचलली तर पोटात अंडी. अगदी अशीच. कालपर्यंतही ती होती, मी बघितलीही होती. पण त्या दिवशी..." त्यांनी चष्मा काढला. "सायकल घेऊन सड्यावर गेलो. जिथं धरली होती तिथंच सोडायची म्हणून जागा शोधत बसलो. धुकं होतं. जागा सापडेपर्यंत दुपार झाली. तिथून एस.टी. गाठून मिरजेला यायला संध्याकाळ."

मी बरणीकडं बघितलं.

"सोडताना बोलून गेलो. तू तुझी घेऊन जा, माझी मला राहू दे."

"कुणाशी बोललात?"

"ते मला अजून कळलेलं नाही. आपला देव काही देतही नाही, घेतही नाही. तिच्याशीच बोललो असेन. म्हटलं, तुझ्या जातीतल्या कुणाचा जीव मी कधी घेणार नाही."

"आणि पहाटे राजुल झाली," मी म्हटलं. कशीबशी मुठीएवढी. पण रडली होती.

"हो."

"तुम्हाला हे खरं वाटतं? जीवशास्त्र शिकवता तुम्ही."

"खरं नाही वाटत. भीती वाटते. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

कौलांवरून पाण्याच्या धारा पडत होत्या आणि अंगणातलं पाणी पडवीच्या पायरीला लागलं होतं. मला बारा वर्षं उलटी वाचावी लागत होती. प्रत्येक डबा, प्रत्येक झाकण. मी म्हटलेलं प्रत्येक वाक्य. हे ऐकून घ्यायचे, हसायचे, कारण त्यांच्या मते ती किंमत होती आणि ती स्वस्त होती. राजुल पलीकडच्या खोलीत गात असायची आणि हे झाकण सर म्हणवून घ्यायचे.

आणि आता तो सडा. कंपनीची यंत्रं घाटाखाली येऊन उभी राहिली आहेत असं गावात बोललं जात होतं. ह्यांनी बारा वर्षांपूर्वी ज्या बेडकीला शब्द दिला होता, तिच्या सगळ्या गोताचं घर उद्या सही नसल्यानं उकरलं जाणार होतं.

"तुम्ही उठा," मी म्हटलं. "नदीला पाणी चढलं असेल. राजुलला आणायला जा."

"शाळा सुटायला वेळ आहे."

"तरी जा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांना कळलं.

"तू नको, त्रिशला."

"शब्द तुम्ही दिलाय. मी दिलेला नाही."

"पण तुझ्या हातून..."

"तुम्ही जा म्हटलं ना."

हे उठले. इरलं घेतलं आणि मागं न बघता पावसात गेले. उंबऱ्याजवळ क्षणभर थांबले होते. तिथूनच परतले असते तर मी बरणी ह्यांच्या हातात दिली असती, सडा गेला तर जाऊ दे म्हणाले असते. पण हे परतले नाहीत.

मी कापसाचा बोळा केला. क्लोरोफॉर्म ओतलं. गोडसर वासानं डोकं गरगरलं. बोळा आत टाकला, झाकण लावलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, बसल्या बसल्याच तिला झोप लागेल. मग ती शेवाळातून बाहेर आली. काचेवर चढली. पुढचे दोन्ही पाय पसरून काचेला लावले. तिची बोटं इतकी बारीक होती. हळदीचं पोट माझ्यासमोर, त्यात अंडी. तिनं उडी मारली. डोकं झाकणाला लागल्याचा आवाज एवढ्या पावसातही आला. पुन्हा मारली. पुन्हा. मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. त्याची गरज नव्हती, झाकण घट्ट होतं, तरी दाबून धरलं. उड्या बुटक्या होत गेल्या. मग ती काचेवरून घसरली आणि उताणी पडली, आणि गळा थांबला.

मी तिला चिमट्यानं उचलून फॉर्मलिनमध्ये ठेवलं. हात साबणानं धुतले. चुलीतली राख घेऊन पुन्हा धुतले. मान वर केली तर दारात आत्ती उभ्या होत्या. माळ हातात तशीच. किती वेळ उभ्या होत्या ठाऊक नाही.

"राजुल आली का?" त्यांनी विचारलं.

"हे गेलेत आणायला."

त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि माळ ओढायला लागल्या.

*

हे एकटेच परत आले.

अंगणातून येतानाच मी बघितलं की बरोबर कुणी नाही. इरलं कुठं तरी पडलं होतं.

"शाळा कधीच सुटली," हे म्हणाले. "पाऊस बघून लवकर सोडली. फरशीवर कंबरेएवढं पाणी आहे. पोरं आधीच अलीकडं आली म्हणतात. पण..."

"पण काय?"

"एक छत्री वाहून गेली म्हणतात. जांभळी."

आत्तींची माळ थांबली. ह्यांची नजर माझ्यावरून टेबलाकडं गेली. टेबलावर बाटली होती, बाटलीत ती होती. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त बाटलीकडं बघून डोळे मिटले.

तेवढ्यात केळुसकरांची जीप दारात आली. त्यांना कळल्यावर ते उतरलेसुद्धा नाहीत. ह्यांना बरोबर घेतलं आणि जीप नदीकडं वळवली. मी निघाले तर आत्तींनी हात धरला. "तू थांब. पोर आली तर घरात आई असाय पायजे."

मी अंगणात उभी राहिले. पाऊस थांबला होता, आणि ती शांतता सोसवत नव्हती. लांबून नदीचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात बोलत होते. कुणाशी, ते मलाही सांगता येणार नाही. हात माझे होते, ह्यांचे नव्हते. शब्द ह्यांचा होता, माझा नव्हता. मोडला असेल तर मी मोडलाय. घ्यायचं असेल तर माझ्याकडून घे. माझ्यातलं घे. तिच्यातलं नको.

रस्त्यानं एक म्हातारा म्हशी घेऊन गेला. एक सायकल गेली. आभाळ पश्चिमेकडं जरा फाटलं आणि पिवळा उजेड पडला, हळदीसारखा. तो मला बघवेना.

आणि मग कोपऱ्यावरून राजुल आली. दप्तर डोक्यावर, परकर वर खोचलेला, एका पायात चप्पल. मला अंगणात बघून ती तिथंच थांबली, पुढं येईना.

"आई, मी मुद्दाम नाही केलं," ती लांबूनच म्हणाली. "वाऱ्यानं उडाली. मी धरत होते, पण नदीत गेली."

"कुठं होतीस?"

"बस्तीत." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. ते अलीकडच्याच काठाला होतं. "तू ओरडशील म्हणून बसून राहिले. पुजाऱ्यांनी घरी जा म्हटलं."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आत्ती सांगायच्या, आधी एक धपाटा घातला आणि मग तिला इतकं आवळलं की पोर गुदमरायला लागली. एवढं आठवतं की तिच्या केसांना धुपाचा वास येत होता, आणि मी तिच्या गळ्यावर बोट ठेवून बघत होते, ठोके पडतायत का.

कुणी तरी नदीवर निरोप पोचवला. जीप आली. हे उतरले, अंगणात राजुलला बघितलं आणि तिथं चिखलातच खाली बसले. ती धावत जाऊन ह्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, छत्री," ती म्हणाली. हे म्हणाले, "असू दे गं, असू दे."

केळुसकर आत आले. बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली. "चांगली केलीत, मगदूम," ते म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली. आत्ती माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "हात धुतलास न्हवं?"

"धुतले."

"मग वाढ सगळ्यास्नी. दिवस मावळायला आलाय."

आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. मी पानं घेतली.

*

सुनावणी झाली. केळुसकरांनी आधीचा अहवाल फाडून टाकला आणि नवा दिला. कंपनीनं पुढं वरच्या कोर्टापर्यंत भांडण नेलं, दोन-तीन वर्षं नुसती धाकधूक होती. पण सडा राहिला. पुढच्या हंगामात केळुसकरांची पोरं-पोरी तंबू टाकून राहिली आणि त्यांना हळदबेडक्या सापडल्या. नर, माद्या, पिल्लं. थोड्याच, पण सापडल्या. ह्यांचं नाव छापून आलं. ह्यांना उशिरा का होईना पीएच.डी. मिळाली. कॉलेजातली नवी पोरं त्यांना हळद सर म्हणायला लागली, आणि तेही ह्यांनी हसून घेतलं.

त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. हे मात्र निवांत झाले, ते मला दिसत होतं. रात्री शांत झोपायचे. काळजी सगळी माझ्याकडं आली. राजुलला ताप आला, गोवर आला, परीक्षेला बेळगावला एकटी गेली, स्कूटर शिकली, प्रत्येक वेळी माझ्या पोटात बेडकीची ती बोटं पसरायची. ह्यांच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं असं मला वाटलं होतं. ते खाली नव्हतंच ठेवलेलं. नुसतं ह्या डोक्यावरून त्या डोक्यावर गेलं होतं. पण तक्रार नाही. ह्यांनी बारा वर्षं वाहिलं होतं.

राजुलचं पहिलं बाळंतपण आमच्याकडंच होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दुपार कलली होती. नर्स आली आणि म्हणाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, चांगलं ठणठणीत. मी पदर तोंडाला लावला.

मग समोरच्या भिंतीकडं बघत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ह्यांनी विचारलं, "त्रिशला, त्या दिवशी तिला त्रास झाला का गं?"

कुणाला, ते मला विचारावं लागलं नाही. ह्यांचे केस पार पांढरे झाले होते. हात मांडीवर ठेवलेले, बोटं एकमेकांत अडकवलेली, आणि हे उत्तराची वाट बघत होते. बहुतेक त्या संध्याकाळपासूनच बघत असावेत.

"नाही हो," मी म्हटलं. "निजली तशी निजली. कळलंसुद्धा नाही तिला."

"खरंच?"

"मी तिथंच होते ना."

ह्यांनी मोठा श्वास सोडला, माझ्या हातावर हात ठेवला, आणि नातीला बघायला उठून आत गेले.